मिरजेहून तंबोरा पाठवताय? विमा आधी, बुकिंग नंतर

मिरजेत वाद्य पसंत केलं, पैसे चुकते झाले, कारागिरांनी गवसणीत घालून हातात दिलं. आता ते नागपूरला, बंगळूरला नाहीतर थेट जयपूरला पोचवायचंय. कुरिअरच्या काउंटरवरचा मुलगा विचारतो, "इन्शुरन्स करायचाय का?" आपण मान हलवतो, तो शे-दोनशे रुपये जास्त लावतो, पावती फाडून देतो आणि आपण निर्धास्त घरी येतो. त्या पावतीत बहुतेक वेळा विमा नसतो.

सांगलीत गाण्याचे क्लास घेता घेता विद्यार्थ्यांची आणि ओळखीपाळखीच्यांची वाद्यं बाहेरगावी पाठवायचं काम माझ्याकडे कधी आलं ते कळलंच नाही. सुखरूप पोचलेली वाद्यं पाहिली, तडा घेऊन पोचलेलीही पाहिली. पूर्ण पैसे मिळालेले क्लेम पाहिले, एका ओळीच्या पत्रानं नाकारलेलेही पाहिले. एवढं नक्की सांगते: क्लेम मिळणार की नाही, हे वस्तू घरातून निघायच्या आधीच जवळपास ठरलेलं असतं. किंमत काय लिहिली, पेटी कशी बांधली आणि पॉलिसी कधी सुरू झाली, या तीन गोष्टींवर.

उदाहरण तंबोऱ्याचं घेतलंय, कारण मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून बाहेरून विचारणा करणारे पुष्कळ झालेत. पण कॅमेरा असो, पैठणी असो की जुनं तैलचित्र, पायऱ्या याच.

१. विमा नसेल तर किती मिळतील, ते आधी मोजा

हिशेबासाठी धरून चालू की तंबोरा ४५,००० रुपयांचा आहे, पेटीसकट वजन १५ किलो आणि भाडं १,५०० रुपये. विमा नाही आणि वस्तूचे तुकडे झाले, तर?

मिरज जंक्शनवरून रेल्वे पार्सलनं पाठवलं आणि किंमत जाहीर केली नाही, तर रेल्वेची जबाबदारी किलोला ५० रुपये. म्हणजे ७५० रुपये. किंमत जाहीर करून ठरलेला 'परसेंटेज चार्ज' भरला, तरच हा आकडा वर सरकतो.

स्पीड पोस्टानं विमा न उतरवता पाठवलं, तर हरवल्यास किंवा फुटल्यास भरलेल्या शुल्काच्या दुप्पट किंवा १,००० रुपये, यातलं जे कमी असेल ते.

ट्रकनं किंवा कुरिअरनं पाठवलं, तर २००७ चा रस्ते मालवाहतूक कायदा लागतो. त्यात कुरिअर एजन्सीचा उल्लेख स्पष्ट आहे, त्यामुळे "आम्ही ट्रान्सपोर्टवाले नाही" हे उत्तर चालत नाही. २०११ च्या नियमांनुसार जास्तीचा रिस्क चार्ज भरलेला नसेल, तर जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत. आपल्या हिशेबात १५,००० रुपये. मात्र कुरिअरच्या पावतीमागं बारीक अक्षरात याहून कितीतरी कमी, अगदी शंभर रुपयांचीही मर्यादा छापलेली असते. ती कायद्यापुढं टिकते का, हा वाद वकिलांनी घालावा. आपल्याला वाद नको, ४५,००० हवेत.

हे आकडे एकदा समोर ठेवले की विम्याचा प्रीमियम महाग वाटेनासा होतो.

२. 'रिस्क चार्ज' म्हणजे विमा नव्हे

सगळा घोळ इथंच होतो, म्हणून जरा सावकाश वाचा.

बिल्टीवर, म्हणजे माल घेतल्याच्या वाहतूकदाराच्या पावतीवर, 'ओनर्स रिस्क' असा शिक्का असला, तर जोखीम तुमची. 'कॅरिअर्स रिस्क' असला, तर जोखीम वाहतूकदारानं घेतलीय आणि त्यासाठी किमतीच्या काही टक्के रक्कम लावलीय. हाच रिस्क चार्ज. बिलात तो 'एफओव्ही' (फ्रेट ऑन व्हॅल्यू) नावानं दिसतो. ओनर्स रिस्कलाही थोडा एफओव्ही लावतात, म्हणून आकडा दिसला की लोकांना वाटतं विमा झाला. कॅरिअर्स रिस्क ही वाहतूकदाराची स्वतःची हमी. नुकसान झालंच तर ते ठरवणारेही तेच आणि पैसे देणारेही तेच. काही जण इमानदारीनं देतात. काही जण तुम्हाला पुण्याच्या ऑफिसला, तिथून मुंबईच्या ऑफिसला मेल करायला लावतात आणि दिवस ढकलतात.

विमा म्हणजे तिसऱ्याच कंपनीचा, विमा कंपनीचा, तुमच्या वस्तूसाठी झालेला करार. तो दोन वाटांनी मिळतो. एक म्हणजे कुरिअर कंपनीनं स्वतः घेतलेल्या मोठ्या पॉलिसीत तुमचं पार्सल घालून तुम्हाला सर्टिफिकेट देणं. दुसरी वाट, तुम्ही स्वतः पॉलिसी काढणं.

काउंटरवर "इन्शुरन्स आहे, काळजी करू नका" असं ऐकू आलं की तिथंच विचारा:

- विमा कोणत्या कंपनीचा?
- सर्टिफिकेट किंवा पॉलिसीचा नंबर काय, आणि तो पावतीवर येईल का?
- क्लेमचे पैसे कुणाच्या नावानं निघणार, माझ्या की कुरिअरच्या?

तिन्हींची उत्तरं मिळाली तर ठीक. "तसं काही लागत नाही हो" असं उत्तर आलं, तर विमा नाही असं समजून पुढं चला. फ्रँचायझी घेऊन बसलेल्या मुलाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला जेवढं शिकवलंय तेवढंच तो सांगतो.

३. वस्तूप्रमाणे वाट निवडा

सोनं, दागिने आणि रोख रक्कम बहुतेक खासगी कुरिअर आपल्या अटींमध्येच नाकारतात. तरीही "गिफ्ट आर्टिकल" लिहून साडीच्या घडीत मंगळसूत्र घालून पाठवणारे असतातच. हरवलं तर दाद मागायला जागा उरत नाही, कारण पाठवलेली वस्तू कागदावर कुठंच नसते. विटा, खानापूर, आटपाडीकडची गलाईवाली (सोनं-चांदी गाळणारी) मंडळी देशभर सोन्या-चांदीच्या व्यवसायात आहेत, त्यांच्याकडं आंगडियाची, म्हणजे ओळखीच्या खासगी माणसाहाती माल पाठवायची रीत चालते. ती चालते विश्वासावर आणि पिढ्यांच्या ओळखीवर. तो विमा नव्हे, आणि नव्या माणसानं ऐकीव माहितीवर त्या वाटेला जाऊ नये. घरातला एखादा दागिना पाठवायचा असेल तर पोस्टाचं विमा पार्सल बघा, आणि कुणी जाणारं असेल तर त्याहून बरं.

पोस्टात १ लाख रुपयांपर्यंत विमा उतरवता येतो. पाकिटावर विम्याची रक्कम अंकी आणि अक्षरी लिहावी लागते. ती वस्तूच्या खऱ्या किमतीपेक्षा जास्त चालत नाही. विम्याचं पार्सल म्हटलं की जुन्या पद्धतीनं प्रत्येक सांध्यावर लाखेचं सील आलं, आणि सगळ्या सीलवर ठसा एकसारखा. लाख, मेणबत्ती, ठसा घेऊन काउंटरवर बसायची वेळ येऊ नये म्हणून आदल्या दिवशी पोस्टात जाऊन तिथं काय लागतं ते विचारून या. दुपारची गर्दी टाळा. विम्याच्या पार्सलला वेळ लागतो आणि मागची रांग तुमच्याकडं बघत राहते.

पेटीतला तंबोरा लांबीमुळं पोस्टाच्या मापात बसेलच असं नाही, तेव्हा पेटी बनवण्याआधी माप सांगून विचारा. लहान तानपुरी, स्वरमंडळ, कॅमेरा, लॅपटॉप यांना पोस्ट चालतं. मोठ्या वाद्याला कुरिअरची सरफेस सेवा किंवा ट्रान्सपोर्ट, आणि सोबत स्वतःची पॉलिसी, हा माझा सरळ सल्ला.

४. किंमत कागदावर आणा

विमा कंपनी कागद बघते. नवं वाद्य असेल तर कारागिराकडून नीट बिल घ्या. 'तंबोरा नग १' एवढ्यावर भागत नाही. नर की मादी (पुरुषी आवाजासाठीचा की बायकी), लाकूड कोणतं, नक्षी कसली, रंग, तारा किती, खरेदीची तारीख आणि तुमचं पूर्ण नाव, एवढं त्यात हवं. हातानं बनवलेल्या देशी वाद्यांवर जीएसटी शून्य आहे, त्यामुळे बिलात कर दिसला नाही म्हणून एजंटनं भुवया उंचावल्या तर हे सांगा. पैसे शक्यतो बँकेतून किंवा यूपीआयनं द्या. बिल आणि पैसे गेल्याची नोंद एकमेकांशी जुळली की पुढं कुणी शंका काढत नाही.

जुनं वाद्य असेल तर जरा खटपट आहे. आजोबांच्या तंबोऱ्याचं बिल कुणाकडं असणार? अशा वेळी सतारमेकर गल्लीतल्या एखाद्या जाणत्या कारागिराकडून लेटरहेडवर किंमत लिहून घ्या: वाद्याचं वर्णन, आजची अवस्था, आधीच्या दुरुस्त्या, आणि आज बाजारात किती मिळतील तो आकडा. आधीचा तडा असेल तर तो लिहायलाच लावा. लपवला आणि सर्व्हेअरच्या (नुकसान तपासायला विमा कंपनी पाठवते त्या माणसाच्या) नजरेला पडला, तर नवं नुकसानही जुन्यात जमा होतं. हे पत्र पॉलिसी काढतानाच जोडा आणि पॉलिसीत 'मान्य किंमत', म्हणजे दोघांनी आधीच कबूल केलेली किंमत, लिहून घेता येईल का ते विचारा. या तंबोऱ्यावर कोण कोण गायलं याचे पैसे कुणी देत नाही.

विम्याची रक्कम ठरवताना बिल, अधिक भाडं, आणि त्या बेरजेवर १० टक्के अशी व्यवहारातली पद्धत आहे. कमी लिहून प्रीमियम वाचवायला जाऊ नका. ४५,००० च्या वस्तूचा ३०,००० चा विमा काढला आणि ९,००० रुपयांची दुरुस्ती निघाली, तर ९,००० पूर्ण मिळत नाहीत. दोन तृतीयांश विमा म्हणून दोन तृतीयांश भरपाई: ६,०००.

आणि बिल्टीवरची किंमत पॉलिसीतल्या बिलाशी जुळली पाहिजे. "मॅडम, ५०० लिहा, चार्ज कमी लागेल" ही काउंटरवरची आपुलकी फार महागात पडते. विमा कंपनी बिल्टीच मागते आधी.

५. पॉलिसी काढताना

एजंटला सांगायचं: "एका फेरीची मरीन इनलँड ट्रान्झिट पॉलिसी हवी." माल ट्रकनं चाललाय आणि पॉलिसी मरीनची, म्हणजे समुद्राची कशी, असं मनात येतं. पण देशांतर्गत वाहतुकीचा विमाही याच खात्यात येतो आणि १९६३ चा मरीन इन्शुरन्स कायदाच त्याला आधार आहे. न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया या चार सरकारी कंपन्या, शिवाय खासगी कंपन्याही हा विमा देतात. छोट्या रकमेच्या एकेरी पॉलिसीत एजंटला फारसं सुटत नाही, त्यामुळे काही जण टाळाटाळ करतात. चिकाटी धरा. वर्षभर वाद्यं पाठवणाऱ्या दुकानदारानं किंवा क्लासनं खुली पॉलिसी घ्यावी, म्हणजे दर वेळी नवा फॉर्म नको.

कलमं तीन प्रकारची असतात. 'सी' मध्ये जेमतेम आग आणि वीज. 'बी' मध्ये त्याशिवाय गाडी उलटणं, टक्कर, पूल कोसळणं असे मोठे अपघात. 'ए' मध्ये वगळलेल्या गोष्टी सोडून बाकी सगळं. वाद्य मोडतं ते हमालाच्या हातून निसटून, दुसऱ्या खोक्याखाली दबून, गोदामात आपटून. गाडी उलटावी लागत नाही. म्हणून 'ए' च घ्या. संप-दंगलीचं संरक्षण वेगळं जोडावं लागतं, तेही विचारा. वापरलेल्या वस्तूला काही कंपन्या 'ए' द्यायला कांकूं करतात. तसं असेल तर लेखी उत्तर घ्या आणि दुसरीकडं विचारा.

'ए' मध्येही काय मिळत नाही, ते समजून घ्या:

- अपुऱ्या पॅकिंगमुळं झालेलं नुकसान. नाकारलेल्या क्लेममध्ये सगळ्यात जास्त वेळा मी हेच कारण वाचलंय.
- वस्तूच्या अंगच्या स्वभावानं झालेलं नुकसान. मिरजेच्या हवेतलं लाकूड राजस्थानच्या कोरड्या उन्हाळ्यात आपोआप तडकलं, तर तो अपघात धरत नाहीत.
- उशिरामुळं झालेलं नुकसान. मैफल शनिवारी होती आणि तंबोरा सोमवारी पोचला, याची भरपाई नाही.
- तार तुटणं, सूर उतरणं. इलेक्ट्रॉनिक तानपुरा किंवा लॅपटॉप असेल तर बाहेरून काही खूण नसताना आतून बंद पडणं.

प्रीमियम पोचल्याशिवाय विमा सुरू होत नाही, हा विमा कायद्याचाच नियम आहे. त्यामुळे "उद्या भरते, आज माल जाऊ दे" चालत नाही. शनिवारी संध्याकाळी बुकिंग करून सोमवारी पॉलिसी काढली, तर मधल्या दीड दिवसात जे होईल ते तुमचं. पॉलिसी मेलवर आली, नाव-गाव-रक्कम तपासली, मगच टेम्पो बोलवा.

आणखी एक मुदत लक्षात ठेवा. रस्त्यानं गेलेला माल मुक्कामाच्या गावी पोचल्यापासून ७ दिवसांनी या कलमांचं संरक्षण संपतं, मग तो घरी पोचलेला असो वा नसो. घेणारा परगावी गेलाय आणि पेटी शाखेत पडून आहे, ही स्थिती येऊ देऊ नका.

पावसाळ्याचंही बोलून घेऊ. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडं सरकायला लागलं की पाठवणं थांबवा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कोल्हापूरशेजारच्या शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला आणि गाड्या जागच्या जागी अडकल्या होत्या. पुराचं नुकसान 'ए' मध्ये बसतं, पण ओलाव्यानं फुगलेला भोपळा पुन्हा वाद्य होत नाही.

६. पॅकिंग: इथं घाई नको

वाद्य कारागिराकडूनच बांधून घ्या. पैसे जास्त घेतले तरी देऊन टाका. आमच्या ओळखीचे एक चाचा बांधायला बसले की मी शेजारी मोबाईल घेऊन उभी राहते. आधी ते चारही खुंट्या फिरवून तारा ढिल्या करतात, पण काढत नाहीत. ताण उतरला नाही तर एका धक्क्यात तबली, म्हणजे भोपळ्यावरची लाकडी पाटी, तडकते. मग घोडी (तारा टेकतात ती पट्टी) अलगद उचलून मलमलच्या फडक्यात गुंडाळतात, जवारीचे दोरे आणि मणके कागदाच्या पुडीत, आणि ती पुडी दांडीला सुतळीनं बांधतात, म्हणजे पलीकडं कचऱ्यात जात नाही. ढिल्या तारा आणि तबली यांच्यामध्ये फोमची पट्टी सरकवतात. गळ्यापाशी, जिथं दांडी भोपळ्याला मिळते, तिथं दोन्ही बाजूंनी उशा. "दांडी मोडली तर जोडून देतो, भोपळा फुटला तर मला सांगू नका," असं ते दर वेळी म्हणतात आणि भोपळ्याभोवती अजून एक वेढा देतात. मंगळवेढा-पंढरपूरकडून येणारे हे भोपळे, मनासारखा एक मिळायला कारागिराला शंभर चाळावे लागतात.

गवसणी हे पॅकिंग नव्हे. फायबरची केसही एकटी पुरत नाही. गवसणी किंवा केस, तिच्याभोवती बबल रॅपचे वेढे, मग प्लायवूडची पेटी, आणि पेटीच्या आत सगळीकडून चार बोटं थर्मोकोल किंवा फोम. पेटी हलवली तर आतून आवाज येता कामा नये. आतून प्लास्टिकचं अस्तर लावा. झाकणाला खिळ्यांऐवजी स्क्रू. उघडताना खिळे उपटायला सर्रास पहार वापरतात.

पेटीवर नाजूक असल्याची खूण, छत्रीची खूण आणि 'वरची बाजू' दाखवणारा बाण काढा. मराठीसोबत हिंदी-इंग्रजीही लिहा, हुबळीच्या गोदामातल्या हमालानं आपली मराठी वाचावी ही अपेक्षा नको. बाहेरून किंमत किंवा 'मौल्यवान' असं काही लिहू नका. चोराला आमंत्रण कशाला?

बांधणीचा व्हिडिओ सलग घ्या, मध्ये न थांबवता. सुरुवातीला त्या दिवसाचा पेपर दिसू द्या, मग वाद्य चारी बाजूंनी, भोपळ्यावरून हळू फिरवत, मग प्रत्येक थर, आणि शेवटी बंद पेटी वजनकाट्यावर. पॅकिंग अपुरं होतं असा आक्षेप आला, तर तुमच्याकडं दाखवायला दुसरं काही नसतं.

७. काउंटरवर

बरोबर न्यायचे कागद:

- बिल किंवा किंमतपत्र, दोन प्रती
- पॉलिसी किंवा सर्टिफिकेटची प्रत
- आधार किंवा दुसरं ओळखपत्र
- घेणाऱ्याचं नाव, पत्ता, पिनकोड आणि दोन मोबाईल नंबर
- जुनं वाद्य असेल तर 'वापरातली घरगुती वस्तू, विक्रीसाठी नाही' असं सही केलेलं साधं पत्र

राज्याबाहेर ५०,००० च्या वरचा माल म्हटला की क्लार्क ई-वे बिल (माल वाहतुकीचा जीएसटीचा ऑनलाइन परवाना) मागतो. करमुक्त हातबनावटीच्या वाद्याला आणि वापरलेल्या घरगुती सामानाला त्यातून सूट आहे. वाद घालू नका, बिल आणि पत्र पुढं करा.

पावती लिहून होईपर्यंत जागचं हलू नका. वस्तूचं नाव 'तंबोरा' असंच हवं, 'घरगुती सामान' नको. किंमत पूर्ण. नग, वजन, तारीख. ओनर्स की कॅरिअर्स रिस्क, ते वाचून घ्या. पॉलिसी स्वतःची असली तरी भाडं फारसं वाढत नसेल तर मी कॅरिअर्स रिस्कच घेते. पावतीच्या दोन्ही बाजूंचा फोटो तिथंच काढा. कार्बनची प्रत महिन्याभरात पुसट होते.

८. घेणाऱ्याला आधीच फोन करून सांगा

पाठवणारा सगळं नीट करतो आणि घेणारा दारातच सही करून मोकळा होतो. डिलिव्हरी बॉय घाईत असतो, "आधी सही करा, मग उघडा" म्हणतो. पेटीचा कोपरा दबलेला, प्लाय फुटलेला, ओल आलेली, काहीही दिसलं तर सहीच्या शेजारीच लिहायचं: "पेटी फुटलेली मिळाली, आतली वस्तू तपासायची आहे." मोबाईलवर सही घेत असतील तर त्या स्क्रीनचा, पेटीचा आणि डिलिव्हरी देणाऱ्यासह पार्सलचा फोटो. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातून माल घ्यायचा असेल तर 'ओपन डिलिव्हरी' मागा, म्हणजे त्यांच्यासमोर उघडून नुकसानीची नोंद त्यांच्याच कागदावर होते.

पेटी बाहेरून धड असली तरी उघडतानाचा व्हिडिओ घ्याच. फुटलं असेल तर पॅकिंगचं सगळं सामान, अगदी फुटका थर्मोकोलसुद्धा, सर्व्हे होईपर्यंत टाकू नका.

९. नुकसान झालंच तर

त्याच दिवशी दोन ठिकाणी कळवायचं. विमा कंपनीला फोन आणि मेल, आणि वाहतूकदाराला लेखी नोटीस. दुसरी गोष्ट लोक विसरतात. "विमा आहे ना, मग कुरिअरशी कशाला भांडू?" असं वाटतं. पण पैसे दिल्यावर ते वाहतूकदाराकडून वसूल करायचा हक्क विमा कंपनीकडं जातो, आणि तुम्ही नोटीस न दिल्यानं तो हक्क बुडाला तर कंपनी तुमचाच क्लेम कापते. कायद्यानं ही नोटीस बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत द्यावी लागते. मोजणी बुकिंगपासून होते, डिलिव्हरीपासून नाही. रेल्वेला सहा महिने. मेल कराच, पण पोचपावती मिळेल अशा रीतीनं पोस्टानंही पाठवा.

क्लेमच्या फाईलमध्ये पुढचे कागद लागतात: क्लेम फॉर्म, पॉलिसी, बिल, बिल्टी, शेरा असलेली डिलिव्हरीची पावती, वाहतूकदाराचं नुकसानीचं किंवा माल न पोचल्याचं प्रमाणपत्र, दिलेली नोटीस आणि तिचं उत्तर, फोटो-व्हिडिओ, दुरुस्तीचा अंदाज, आणि शेवटी वसुलीचा हक्क कंपनीला देणारं पत्र. प्रमाणपत्र द्यायला वाहतूकदार सगळ्यात जास्त छळतात. नाहीच दिलं तर मागणी केल्याचे मेल जोडा, तेवढ्यावर क्लेम पुढं सरकतो.

विमा कंपनीनं क्लेम नाकारला, तर आधी कंपनीकडंच लेखी तक्रार करा. तीही फेटाळली किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही, तर विमा लोकपालाकडं जाता येतं. सांगली-साताऱ्याला पुण्याचं कार्यालय आहे. शुल्क नाही, वकील लागत नाही, पण कंपनीच्या नकारापासून वर्षभरात जायला हवं. कुरिअरविरुद्ध तक्रार असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनपासून सुरुवात करा, निम्मी प्रकरणं एका फोननंतर हलायला लागतात असा माझा अनुभव. नाहीतर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते, कुरिअरचं मुख्य ऑफिस दिल्लीत असलं तरी. मुदत दोन वर्षं, आणि ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही.

सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत वाद्य दुरुस्तीला हलवू नका, तारसुद्धा बदलू नका. सर्व्हे झाला, अंदाजाला होकार आला, की मग तंबोरा मिरजेला परत आणा. आणि हो, परतीचा प्रवास ही वेगळी फेरी. जुनी पॉलिसी तिला लागू नाही, तेव्हा ज्या गावाहून निघेल तिथूनच नवी काढा, आणि आधीचं नुकसान त्यात आधीचं म्हणूनच लिहा.